आण्णाच्या हातची पाणंद

आमच्या दीक्षाला कुणी विचारलं की बाई, तू शेतकीचीच डिग्री का घेतलीस, तर ती गोड हसून सांगती, मातीची आवड होती म्हणून. खोटं बोलती. आवडबिवड काय न्हाय. आण्णावर सूड उगवायचा म्हणून तिनं ती डिग्री घेतली, आणि मला तिचा लई अभिमान हाय. मी बायडाबाई, तिची आत्ती, तिच्या बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मी माहेरालाच राहिले आणि पोरीला अंगाखांद्यावर वाढवली. तिच्या पोटात काय हाय ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठावं न्हाय.

आमचं गाव हातकणंगल्याच्या अलीकडं. नाव सांगत न्हाय, ज्याला कळायचं त्याला कळतंय. जिकडं बघाल तिकडं ऊस. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. वस्तीपास्नं ओढ्यापतूर एक पाणंद जायची, दोन्हीकडं बांध आणि मधनं बैलगाडी जाईल एवढी वाट. त्या वाटेच्या टोकाला आमचा मसणवटा. ही पाणंद कुठल्या कागदावर न्हवती, वहिवाटीची होती. माणसं चालत गेली म्हणून पडलेली वाट. तिच्या दोन्ही अंगाला जमीन अमरसिंहाची. सगळा गाव त्याला आण्णा म्हणतोय म्हणून मीबी म्हणते, न्हायतर माझ्या तोंडात दुसराच शब्द येतोय.

एका उन्हाळ्यात आण्णानं ट्रॅक्टर घातला आणि पाणंद नांगरून टाकली. बांध मोडलं, सऱ्या पाडल्या, ऊस लावला. आम्ही बोंबाबोंब केली तर त्यो म्हणला, बघू, काढतो कायतरी मार्ग. असं म्हणत म्हणत ऊस डोक्याच्या वर गेला.

त्याच सालच्या श्रावणात आमचा म्हातारा गेला. केरबा, माझा बा, दीक्षाचा आज्जा. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला, पण अंगावरचं धोतर कायम पांढरंशुभ्र. नातीवर जीव टाकायचा. दीक्षा तवा अकरावीला होती. आम्ही वंदना म्हणून तिरडी उचलली आणि नेहमीच्या वाटेनं निघालो. वाट कुठाय? उसात शिरलो तर पाती तोंडावर सपासप लागाय लागली, आणि चार पावलं आत गेलो न्हाय तवर आण्णाची माणसं आडवी आली. मागनं आण्णा स्वतः आला, छत्री धरून. माझा भाऊ प्रसेनजीत हात जोडून म्हणला, आण्णा, आजचा दिवस पाणंदीनं जाऊ द्या.

आण्णा म्हणला, "कसली पाणंद? हितं पाणंद कधीच न्हवती. आणि मेल्याला कसली घाई आलीया? जावा की वळसा घालून."

वळसा म्हणजे सगळा गाव पार करून, पुलावरनं, पलीकडच्या काठानं. पावसानं चिखल झालता. पुलाच्या उतरणीला प्रसेनजीतचा पाय घसरला आणि तिरडी कलंडली. माझा बा चिखलात पडला. पालथा. दीक्षानं पुढं होऊन त्याचं तोंड आपल्या ओढणीनं पुसलं, नाकातला चिखल काढला. ती रडली न्हाय. मी रडले, प्रसेनजीत रडला, पण ती पोरगी दात-ओठ खात नुसती पुसत होती. आज सांगताना सुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती.

मग प्रसेनजीतनं तालुक्याला तहसीलदाराकडं वहिवाटीचा दावा लावला. साहेब चांगला होता. त्यानं सरळ सांगितलं, पाणंद नकाशावर न्हाय, तवा साक्षीवर ठरणार. वस्तीबाहेरचा एकतरी जुना माणूस आणा, जो म्हणंल की व्हय, हितनं वाट होती. एवढंच. आणि पावणं, अख्ख्या गावात एक माणूस मिळंना. ज्या म्हाताऱ्यांनी त्या पाणंदीनं जन्मभर गाड्या हाकल्या, ती म्हणायची, आम्हाला काय आठवत न्हाय बा. कुणी आण्णाच्या विहिरीचं पाणी घेत होतं, कुणाचा पोरगा आण्णाच्या वशिल्यानं कामाला लागलावता. सगळ्यांची तोंडं शिवल्यागत. दावा तसाच पडून राहिला, आणि आमची माणसं मेली की पुलावरनं जात राहिली.

दीक्षा बारावी झाली. मार्क चांगलं पडलं, सीईटी चांगली गेली. तिच्या मास्तरानं सांगितलं फार्मसी कर, बापानं सांगितलं नर्सिंग कर, लगेच नोकरी हाय. ही म्हणती, मला ॲग्रीच करायचीया. आता आमची जमीन म्हणजे घरामागं वाळवण घालायची जागा, तेवढीच. प्रसेनजीतनं कपाळावर हात मारला. ॲडमिशन झाल्याचं गावभर झालं तसं आण्णा पारावर बसून चारचौघांत म्हणला, ह्यांना रान न्हाय आणि पोरगी शेतकी शिकती, कुणाच्या रानात करणार? चारचौघं हसली. ही तिथनंच चाललीवती. घरी येऊन मला म्हणली, "आत्ती, मी कृषी अधिकारी होऊन ह्याच तालुक्यात येणार. आण्णाला माझ्या टेबलापुढं उभा करणार, आणि खुर्ची देणार न्हाय."

तिथनं पुढं चार वर्षं कोल्हापूरला कॉलेज. माझ्या डोक्यात त्या अभ्यासाचं काय शिरायचं न्हाय, पण ती सुट्टीला आली की भाकरी थापता थापता सांगायची. मातीचं वेगळं, पाण्याचं वेगळं, किडीचं वेगळं. कुणी पुढं फळबागेकडं जातंय, कुणी जंगलाकडं, कुणी ओढे-नाले अडवायच्या शिक्षणाकडं. तिचं मन सगळ्यात रमायचं. कधीकधी मला वाटायचं, ही विसरली बहुतेक. मग जेवताना मधेच विचारायची, आण्णाचा ऊस कितपत आलाय? मला बरं वाटायचं, विसरली न्हाय.

तिसऱ्या वर्षाला त्यांना संयोगिता मॅडम म्हणून होत्या, गावात जाऊन शेतकऱ्यांत काम कसं करायचं ते शिकवणाऱ्या. त्यांनी एक गोष्ट शिकवली. शेवटच्या वर्षाला पोरं खेड्यात राहाय जात्यात, शेतकऱ्याच्या हाताखाली काम करत्यात. रावे म्हणत्यात त्याला. त्यात एक दिवस शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाचा नकाशा रांगोळीनं काढायचा असतोय. घरं, विहिरी, रानं, वाटा, सगळं. आता बहुतेक गावात पोरंच नकाशा काढत्यात, पाहुणं येत्यात, फोटो होतोय, संपलं. मॅडम म्हणल्या, तसं न्हाय. नकाशा गावच्या जुन्या माणसांनी काढायचा. तुम्ही बोट सुद्धा लावायचं न्हाय, नुसतं विचारायचं. त्या रविवारी दीक्षा घरी आली ती एकटीच गालात हसत होती. मी विचारलं तर म्हणली, काय न्हाय आत्ती, शेतकी लई चांगली विद्या हाय.

शेवटच्या वर्षाला तिनं मॅडमकडं आपलंच गाव मागून घेतलं. आमच्याकडं कधी कुठल्या कॉलेजची पोरं आली न्हाईत, असं सांगितलं. ते खरंच होतं. संगट तीन मैत्रिणी आल्या. त्यातली रुद्राणी मला लई आवडायची, निपाणीकडच्या लिंगायत व्यापाऱ्याची पोरगी, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलायची आणि मला अक्का म्हणायची. प्रत्येकीनं एकेक शेतकरी धरायचा होता. दीक्षानं धरला आण्णा.

मी चिडले. म्हणलं, ज्यानं तुझ्या आज्ज्याला चिखलात घातला त्याच्या उसात तू पाला काढणार? तवा तिनं मला सगळा बेत सांगितला. मी तिला दोन भाकरी जास्त वाढल्या.

रोज सकाळी ती आण्णाच्या रानात जायची. बियाण्याची प्रक्रिया करून दाखवली, उसाची मुळं खाणारी हुमणी कशी मारायची ते दाखवलं, शेणा-गोमुत्राचं जिवामृत करून दिलं. खोटं काय केलं न्हाय, त्याच्या उसाचं वाकडं व्हावं असं काय केलं न्हाय. काम झालं की घराच्या पुढच्या सोप्यात चहा. बाकीच्या पोरींना कपबशी, हिला कागदी पेला. रुद्राणीनं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापास्नं स्वतः कागदी पेला मागाय लागली. दीक्षा मात्र हसून चहा प्यायची आणि म्हणायची, आण्णा, जुनं कायतरी सांगा की. आण्णाला तेवढंच पाहिजे होतं. त्याची एक गोष्ट ठरलेली, गजरी म्हशीची.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात, ते तुम्हाला ठावं असंलच. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या घालायच्या, आणि मालक पुढं हाका मारत सुटला की म्हस त्याच्या मागनं पळती. आण्णाच्या तरणेपणी त्याची गजरी म्हणून म्हस होती. ओढ्यावर धुऊन काढली, आण्णानं हाळी दिली आणि गजरी अशी सुटली की गावात येईपतूर सगळ्या म्हशी मागं टाकल्या. आण्णाला फेटा बांधला, गुलाल उधळला. ही गोष्ट त्यो रोज सांगायचा आणि ही रोज पहिल्यांदा ऐकल्यागत ऐकायची.

एक दिवस ती घरी येऊन मला म्हणली, "आत्ती, त्यो ओढा सांगतोय आणि गाव सांगतोय. मधलं गिळतोय. बोलताना मधलं गिळता येतं. रांगोळी काढताना कसं गिळणार?"

मग तिनं आण्णाला हरभऱ्याच्या झाडावर चढवला. म्हणली, आण्णा, शिवार तुमच्याएवढं कुणाला ठावं न्हाय, नकाशा तुमच्याच हातनं काढायचा, आमच्या मॅडम येणार हाईत. आण्णाची छाती अशी फुगली. म्हणला, नुसत्या मॅडम कशाला, मी तहसीलदाराला बोलावतो, माझा शब्द मोडत न्हाय त्यो. हे काय आम्ही सांगितलं न्हवतं. त्यानं स्वतः फोन केला. त्या दिवशी दीक्षा घरात येऊन माझ्या गळ्यात पडली.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळा गाव शाळेच्या पटांगणात. खुर्चीवर तहसीलदार, संगट मॅडम. रुद्राणी मोबाईलवर शूटिंग घेत होती, कॉलेजला द्यावं लागतंय म्हणून. आम्ही वस्तीची माणसं नेहमीसारखी एका कडंला उभी. आण्णा नवं धोतर नेसून आला आणि रांगोळीचा डबा घेऊन खाली बसला. देऊळ काढलं, तालीम काढली, डांबरी सडक काढली. आपलं घर चांगलं मोठं काढलं. ओढा निळ्या रांगोळीनं काढला. आमची वस्ती काढताना जरा थांबला, मग कोपऱ्यात चार खडं ठेवलं. वस्ती आणि ओढ्याच्या मधे त्यानं हिरव्या रांगोळीनं आपला ऊस भरला, एकसारखा, कुठंबी फट न्हाय.

त्यो विसरला न्हवता. चार वर्षांचं शिक्षण आणि ते कागदी पेलं सगळं पाण्यात जातंय असं मला वाटाय लागलं. दीक्षा नकाशाजवळ येऊन वाकली. आवाज गोड.

म्हणली, "आण्णा, गजरी पळाली ती कुठनं? साहेबांना दाखवा की."

तहसीलदारानं विचारलं, कोण गजरी? झालं. आण्णाचा चेहरा उजळला. त्यो गुडघ्यावर सरकत ओढ्यापाशी गेला आणि मूठभर पांढरी रांगोळी घेतली. हितं धुतली, म्हणला. हितं मी उभा. हाळी दिली, आणि ही सुटली बघा. आणि त्याचा हात सुटला. ओढ्यापास्नं सरळ हिरव्या उसातनं पांढरी रेघ ओढत त्यो वस्तीपतूर आला, वस्तीला वळसा घालून गावात. हात एकदाबी अडखळला न्हाय. बघत बसलेली म्हातारी उठली. एकजण म्हणला, अरं तिथं वळणावर चिंच होती, गजरी तिथं घसरली. त्यानं वाकून चिंचेचा पाला ठेवला. दुसरा म्हणला, चिंच अलीकडं, बांध उजवीकडं. त्यानं बांध काढला. जी माणसं तहसीलदारापुढं साक्षीला तोंड उघडंनात, ती तिथं चिंचेच्या जागेवरनं भांडाय लागली. सगळ्यांना सगळं आठवत होतं. मेल्यांना सगळं आठवत होतं.

दीक्षा रेघेच्या ओढ्याकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. म्हणली, "आणि ही वाट ओढ्यावर कुठं निघती, आण्णा?"

"मसणवट्यापाशी," आण्णा म्हणला.

आणि मग त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. त्यानं वर बघितलं, दीक्षाकडं. आता ती हसत न्हवती. आण्णाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यो धडपडत उठला आणि पायानं ती रेघ पुसाय लागला, तहसीलदारापुढं, मॅडमपुढं, सगळ्या गावापुढं. नवं धोतर पांढऱ्या रांगोळीनं माखलं. तहसीलदार खुर्चीतनं उठला आणि शांतपणे म्हणला, राहू द्या आण्णा, मी बघितलंय. तवा मी कडंनं पुढं आले आणि त्याच्या तोंडाकडं मनसोक्त बघून घेतलं. मला लई गार वाटलं, खोटं का सांगू.

संयोगिता मॅडमना ते आवडलं न्हाय. त्यांनी दीक्षाला कॉलेजात बोलावून झापली. म्हणल्या, शेतकऱ्यानं विश्वासानं तुला रानात घेतलं आणि तू त्याला फासात धरलंस, हे मी शिकवलं न्हवतं. नकाशा गावासाठी काढलास का सुडासाठी? दीक्षानं सांगितलं, दोन्हीसाठी. मॅडमनी रावेचं मार्क कापलं आणि तिचा पहिला नंबर गेला. मॅडमचं त्यांच्या जागी बरोबर असंल. पण त्यांचा बा चिखलात पालथा पडला न्हवता. दीक्षा मार्कासाठी एक शब्द बोलली न्हाय, डिग्री मिळाली तेवढी तिला पुरली.

पुढं तहसीलदारानं दावा पुन्हा उघडला. आता सगळ्या म्हाताऱ्यांच्या जिभा सुटल्या. नकाशात ज्यांनी चिंच ठेवली त्यांना आठवत न्हाय म्हणायची सोयच राहिली न्हाय. स्थळपाहणीला साहेब आला तवा ऊस तसाच उभा होता. आण्णानं विनवणी केली, कारखान्याची ऊसतोड येईपतूर थांबा, मग बघू. साहेब म्हणला, वाट तुम्हाला ठावं हाय, तुम्हीच पुढं होऊन दाखवा.

मग आण्णा पुढं झाला. दोन माणसं कोयत्यानं ऊस छाटत होती आणि त्यो हात करून सांगत होता, हितनं, आता हिकडनं. त्याच्या मागं साहेब, मागं प्रसेनजीत, दीक्षा, मी आणि सगळी वस्ती, बायाबापड्यांसकट. पात्यांनी आण्णाचं तोंड ओरबाडलं, घाम चरचरत होता, फेटा उसात अडकून पडला तर कुणी उचलून दिला न्हाय. ओढा दिसला, मसणवटा दिसला. गवत माजलंवतं. आण्णा तिथं दम खात उभा राहिला. मग दीक्षाकडं वळून खालच्या आवाजात म्हणला, झालं का तुझं समाधान?

मला वाटलं, ती व्हय म्हणंल. एवढं सगळं झाल्यावर दुसरं कोणबी म्हणलं असतं.

"न्हाय," दीक्षा म्हणली. "माघारी जाताना बी तुम्हीच पुढं चला."

आण्णानं तहसीलदाराकडं बघितलं. साहेब ओढ्याकडं बघत होता. मग आण्णा वळला आणि चालाय लागला, आणि आम्ही सगळी त्याच्या मागनं.